सांगून बंद

रझिया आपांचं आणि माझं पहिलं बोलणं झालं तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. नोकरीचा पहिलाच दिवस, मी खुर्चीच्या टोकावर अवघडून बसले होते. शेजारच्या खुर्चीतली पन्नाशीकडे झुकलेली, डोक्यावर ओढणी घेतलेली बाई उठली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मी आता थोडा वेळ न्हाय. वर गच्चीत चहा प्यायला चाललेय. आले की सांगते." आणि चालू लागली. दुसऱ्या कुणाला सांगितलं असेल म्हणून मी मागे वळून पाहिलं, तर मागे भिंत होती. काही वेळाने त्या परत आल्या, बसल्या आणि तितक्याच गंभीरपणे म्हणाल्या, "आले."

बाई जरा चक्रम दिसते, असं मी त्या दिवशी घरी सांगितलं. आठवडाभरात कळलं की आपा असं सगळ्यांनाच सांगतात. त्यांचे मिस्टर, हुसेनभाई, हसत हसत सांगायचे, की निकाह झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशीच बायकोने त्यांना सांगितलं होतं, "उद्या दुपारी मी रडणार हाय. अम्मीची आठवण येणार हाय. तुमी घाबरू नका." आणि दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर खरोखरच बसून रडल्या, डोळे पुसले आणि भांडी घासायला घेतली. घाबरायचं नाही असं आधीच ठरलेलं असल्यामुळे हुसेनभाई घाबरले नाहीत. पण त्यांना करमलंही नाही.

आमचं ऑफिस सात रस्त्याजवळ, चादरी-टॉवेलांच्या एका दुकानाच्या वर. पूर्वी तिथे सुताचं गोदाम होतं. सुताला खिडक्या लागत नाहीत, म्हणून खोलीला खिडकी नव्हती. दार कार्ड दाखवल्याशिवाय उघडायचं नाही, ना आत यायला ना बाहेर जायला. यंत्रांसाठी एसी इतका गार ठेवलेला, की ऐन मे महिन्यात सोलापुरात स्वेटर घेऊन कामाला जाणारी बाई म्हणून आमच्या होटगी स्टेशनावर माझी ओळख झाली होती. आमच्या शेजारची म्हातारी आईला विचारायची, "पोरगी कामाला जातीया का आजारी हाय?"

काम सांगायला सोपं आहे. दवाखाने, कारखाने, शाळा अशा ठिकाणच्या संगणकांवर आम्ही दुरून नजर ठेवायचो. समोर भिंतीएवढा पडदा. प्रत्येक यंत्राचा एक चौकोन. यंत्र चालू असेल तर चौकोन हिरवा. बंद पडलं की लाल, आणि मग खोलीत आणि आपांच्या फोनवर अशी बोंब सुरू व्हायची की मेलेला उठून बसावा. पण यंत्र कधीकधी मुद्दाम बंद ठेवावं लागतं, दुरुस्तीसाठी. तेव्हा सॉफ्टवेअरला आधी सांगून ठेवायचं, की अमक्या वेळेपासून तमक्या वेळेपर्यंत हे यंत्र बंद राहणार आहे, बोंबलू नकोस. याला डाउनटाइम लावणं म्हणतात. तेवढा वेळ चौकोन निळा होतो आणि सगळं शांत. दिवसाच्या नोंदीत त्या त्या वेळेपुरता लाल किंवा निळा पट्टा उमटायचा, आणि महिनाअखेरीस हिशेब व्हायचा तो लाल पट्ट्यांचा. निळा वेळ आमच्या अंगावर येत नसे.

हा डाउनटाइम ठरवण्याचं आणि लावण्याचं काम आपांचं. बाकीची माणसं ते दोन मिनिटांत उरकतील. सॉफ्टवेअर आपलं आपण सगळ्यांना मेल पाठवतं, मग झालं. आपांना ते मंजूर नव्हतं. "मेल म्हंजे सांगणं न्हाय. मेल म्हंजे 'सांगितलं होतं' असं नंतर म्हणायची सोय," असं त्या म्हणत. त्या प्रत्येकाला फोन करायच्या. आमच्या साहेबांनाही ते आवडायचं, कारण गिऱ्हाइकं खूश असायची, आणि पुढे त्यांनी ते नियमातच घातलं, की डाउनटाइम लावला की आपांचा फोन जायलाच हवा.

यंत्र बंद ठेवण्याची वेळ मागणं हे सोयरीक जुळवण्याइतकं नाजूक काम आहे, हे मी आपांकडे पाहून शिकले. कुणाचा महिनाअखेर, कुणाची तपासणी, कुणाच्या साहेबाला अमावस्या चालत नाही, कुणाकडे शुक्रवारी नमाजाच्या वेळी माणूस नसतो. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे नळाचा दिवस. सोलापुरात पाणी रोज येत नाही. ज्याच्या भागात ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी तो माणूस त्या वेळेला मनाने घरीच असतो, मग तो कितीही मोठा साहेब असो. यंत्राजवळ उभा राहून बटण दाबायचा माणूस जर घरी घागरी भरत असेल, तर दुरुस्ती कोण करणार? म्हणून कोणाचं पाणी कधी हे आपांना तोंडपाठ. पाणी एक दिवस पुढे गेलं, की त्याही डाउनटाइम एक दिवस मागेपुढे करायच्या. पुण्याच्या एका इंजिनिअरने एकदा चिडून विचारलं, की दुरुस्ती पुढे ढकलण्याचं तांत्रिक कारण काय. आपा म्हणाल्या, "विजापूर रोडला आज पाणी हाय."

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक दवाखाना. तिथल्या लॅबचे प्रमुख म्हमाणे अण्णा, मूळचे दुधनीचे. घरात कन्नड, दारात मराठी, आणि दोन्हींत बोलणं फटकळ. आपांचा फोन गेला की त्यांचं ठरलेलं असे.

"काय ओ आपा, परत बंद?"

"बंद न्हाय अण्णा. दुरुस्ती."

"आमाला दोनी सारखंच की!"

"सारखं कसं? सांगून बंद केलं तर दुरुस्ती. न सांगता बंद पडलं तर बिघाड. तिसरं काय नसतंय. बिघाडाला तुमी मला शिव्या द्यायच्या, दुरुस्तीला चहा."

चहा काही आपांनी कधी घेतला नाही. या दोघांनी एकमेकांना पाहिलंही नव्हतं. पण आपांनी सांगितलेल्या वेळेला यंत्र परत सुरू होणार, यावर म्हमाणे अण्णा पेशंटला तारखा देत.

दुसऱ्यांना इतक्या मिनतवाऱ्या करून तासाभराची वेळ मिळवून देणाऱ्या आपांना स्वतःला कधी सवड मिळाली नाही. बोंबलणाऱ्या त्या फोनला त्या बांधलेल्या होत्या. त्या आंघोळीला गेल्या की हुसेनभाई फोन हातात घेऊन मोरीबाहेर बसत. नमाजाच्या वेळी फोन पलीकडच्या खोलीत, पण दार उघडं. मैंदर्गीला त्यांच्या भाच्याचं लग्न होतं तेव्हा त्यांनी मलाही नेलं होतं. मांडवात पाय ठेवला आणि बोंब झाली. आपा लॅपटॉप घेऊन जीपमध्ये जाऊन बसल्या, कारण रेंज फक्त तिथे होती. निकाह झाला, जेवणं झाली, मी त्यांना बिर्याणीचं ताट जीपमध्ये नेऊन दिलं. त्या बाहेर आल्या तेव्हा नवरी गाडीत बसत होती. परतीच्या वाटेवर कुणीतरी विचारलं, आपा, लग्न कसं झालं? म्हणाल्या, "आवाज तरी चांगला येत होता."

"आपा, दुसरा माणूस मागा की साहेबांकडे," मी कितीदा म्हटलं.

"मागितला की. साहेब म्हणतात, बघतोय. आन् जो मी शिकवून तयार करते, तो पुण्याला पळतोय. आपण शिकवायचं म्हंजे पुण्याचं तिकीट काढून द्यायचं."

पुण्याला त्या स्वतः का गेल्या नाहीत, हे विचारायची गरज नव्हती. हुसेनभाई ट्रक चालवायचे, ते डोळे अधू झाल्यापासून घरी होते. घर विजापूर वेशीत, माणसं तिथली, आणि चूल आपांच्या पगारावर पेटायची. आमच्यासारखं दुसरं ऑफिस सोलापुरात नव्हतं. हातातलं कसब असं, की या एका खोलीबाहेर त्याला गावात गिऱ्हाईक नाही. मीही त्याच वाटेवर होते, म्हणून मला ते जास्त लागायचं.

एकच मुलगी, सना. हैदराबादला दिलेली. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. त्यानंतर काही वर्षांनी परत दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण रक्तदाब वाढलेला, डॉक्टरांनी अंथरुणातून हलू नको म्हणून सांगितलं. सासू हयात नाही, घरात दुसरी बाई नाही, जावई दिवसभर कामावर. सना रोज फोन करायची आणि रोज एकच विचारायची, "अम्मी, तू कधी येतेस?" आपा म्हणायच्या, "साहेबांना विचारलंय बेटा." पूर्वी त्या फोनवर हसत, आता हळू आवाजात बोलत. ऑफिसात मात्र कुणाजवळ रडगाणं नाही. फक्त एकदा माझ्याजवळ म्हणाल्या, "त्या टायमाला ती दवाखान्यात एकटी होती, मंगल. मी हितं बसून कारखान्याचा चौकोन बघत होते. या टायमाला मला जायचं हाय." त्यांनी असं काही मागितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

साहेब नाही म्हणत नव्हते आणि हो म्हणत नव्हते. पुढच्या आठवड्यात, म्हणायचे. दिवस भरत आले तरी त्यांचा पुढचा आठवडा उजाडला नव्हता.

अशात एका दुपारी दवाखान्याच्या लॅबचा चौकोन लाल झाला. चूक आमच्याचकडची. कुणाला न विचारता, न सांगता आमच्या एका हुशार माणसाने नवीन काहीतरी चढवलं होतं आणि सगळं आडवं झालं. दवाखान्याचा औषध विभाग आणि नोंदणीची खिडकीही त्याबरोबर गेली. फोनवर म्हमाणे अण्णांच्या मागे लोकांचा गलका ऐकू येत होता. रक्ताचे रिपोर्ट संगणकात अडकलेले, नातेवाईक रांगेत भांडतायत, लॅबची माणसं कागदावर हाताने आकडे लिहून वर वॉर्डात पळतायत. आपा शिव्या ऐकत होत्या आणि म्हणत होत्या, "बरोबर हाय अण्णा. बिघाड हाय. आमचा हाय." सगळी दुपार लाल गेली. सुदैवाने कुणाच्या जिवावर बेतलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी आपांना बोलावलं. साहेबांची केबिन म्हणजे प्लायवूडचा आडोसा. आतलं सगळं बाहेर ऐकू येतं, आणि हे साहेबांना आजवर कुणी सांगितलेलं नाही.

"बसा आपा. सनाची तब्येत काय म्हणते?"

"दिवस भरलेत साहेब."

"मग तुम्ही अजून इथे काय करताय? जा की. महिनाभर जा. उद्याच निघा, मी सांभाळतो इथलं."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. त्यांनाही ठाऊक असणार, की वाक्य अजून संपलेलं नाही.

"फक्त एक करून जा. कालची दुपार प्लॅन्ड दाखवा. मेंटेनन्स होता म्हणून. पुढच्या आठवड्यात दवाखान्याचा करार नवा व्हायचाय, आणि कालचा लाल पट्टा त्यात बसत नाही."

"मेंटेनन्स नव्हता साहेब."

"ते मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. सॉफ्टवेअरला काय कळतंय? करार गेला तर हे दुकान बंद होईल आपा. तुमचंही आणि बाहेर बसलेल्या पोरींचंही."

ही सोय सॉफ्टवेअरमध्ये खरोखरच आहे. दुरुस्ती ठरवून केली, पण आधी लावायचं राहून गेलं, तर मागाहून तो वेळ निळा करता येतो. ते फक्त आपांच्या नावाने आणि आपांच्याच पासवर्डने व्हायचं. आपांनी ते कधी वापरलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्या बाहेर आल्या आणि खुर्चीत बसल्या. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला ते निळं बटण, आणि दार कार्डाशिवाय उघडत नाही. मला त्यांच्याकडे बघवेना. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात म्हणत होते, लावा आपा, लावून टाका आणि जा. एका दुपारच्या रंगाने कुणाचं काय जाणार आहे? दुपार होत आली तेव्हा त्यांनी सनाला फोन लावला आणि म्हणाल्या, "येतेय गं बेटा. उद्या निघते." पलीकडून सना काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण आपांनी ओढणीने डोळे टिपले. हुसेनभाईंना फोन करून उद्या रात्रीच्या गाडीची दोन तिकिटं काढायला सांगितलं. साहेब जेवायला बाहेर पडले. आपांनी पासवर्ड घातला, कालची तारीख घातली, आणि पडद्यावरचा लाल पट्टा माझ्या डोळ्यांदेखत निळा झाला.

सुटल्या एकदाच्या, असं मला वाटलं. मला आनंद झाला होता. तेवढ्यात आपांनी टेबलावरचा फोन जवळ ओढला.

"हॅलो, अण्णा? रझिया बोलतेय. काल दुपारी तुमचं मशीन बंद होतं, ते आमी ठरवून ठेवलेलं होतं. दुरुस्ती होती. तुमाला कळवायचं राहिलं, म्हणून आता कळवते."

पलीकडून म्हमाणे अण्णांचा आवाज इतका मोठा आला, की मलाही ऐकू आलं. "कोण ठरवलं ओ आपा?"

"आमच्या हापिसानं."

"कधी ठरवलं?"

"आज," आपा म्हणाल्या.

आपांनी फोन ठेवला, जरा वेळ नुसत्या बसल्या, आणि मग औषध विभागाला लावला. मग नोंदणीच्या खिडकीला. मग अपघात विभागाला. तेच वाक्य, तोच आवाज, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. प्रत्येकाने विचारलं, कधी ठरलं, आणि प्रत्येकाला त्यांनी खरं तेच सांगितलं. हैदराबादची गाडी चुकली, हे मला दिसत होतं. आणि त्याच वेळी मला त्या बाईचा असा अभिमान वाटत होता, की उठून त्यांच्या पाया पडावं.

साहेब जेवून परत यायच्या आत दवाखान्याच्या व्यवस्थापकांचा त्यांना फोन गेला होता. ते आले ते लालबुंद होऊन. "आपा, मी तुम्हाला लावायला सांगितलं होतं. फोन करायला कुणी सांगितलं?"

"डाउनटाइम लावला की फोन करायचा असतोय, साहेब. तुमीच नेमून दिलंय."

नियम त्यांचाच होता. आपांच्या चेहऱ्यावर ना डाव साधल्याचं हसू, ना भीती. हे भोळेपण होतं की बनेलपण, मला त्या दिवशी कळलं नाही. मला वाटलं, आता काढून टाकतील. आणि काढून टाकलं तर बरंच, निदान हैदराबादला तरी जातील.

पण तसं झालं नाही. दवाखान्याचे व्यवस्थापक आणि म्हमाणे अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या खोलीत हजर झाले. म्हमाणे अण्णांनी आपांना पहिल्यांदाच पाहिलं आणि हात जोडले. साहेबांनी गैरसमज, घाई, नजरचूक असे बरेच शब्द वापरले. व्यवस्थापकांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, करार मोडत नाही, पण आजवर जिथे जिथे निळं लागलंय तो प्रत्येक पट्टा आम्ही तपासणार, आणि तो या बाईंबरोबर बसून तपासणार. दुसऱ्या कुणावर आमचा विश्वास नाही. ते संपेपर्यंत या इथून हलता कामा नयेत. त्यांना वाटलं, आपण आपांचा मानच राखतोय. म्हमाणे अण्णांनाही तसंच वाटलं. सना कुणाला माहीत होती?

पाहुणे गेल्यावर साहेब केबिनच्या दारात आले. आता त्यांचा राग गेला होता. आवाज अगदी गोड होता. "रजेचं नंतर बघू आपा. त्यांना तुम्हीच लागणार." मला आजही त्या आवाजाचा राग येतो.

"आपा, सोडा नोकरी," मी जिन्यात त्यांना अडवून म्हटलं. "आत्ताच्या आत्ता उठा आणि जा. तिकीट हाय ना?"

"ते निळं माझ्या नावानं लागलंय, मंगल. साहेबांचं नाव कुटंच न्हाय. आता मी उठून गेले तर म्हणतील, बाईनं लावलं आन् बाई पळाली. मागचं सगळं मी खरं लावलंय. ते दाखवायला मीच नसले, तर तेबी खोटं ठरंल." मग एक पायरी उतरून म्हणाल्या, "आन् परत आल्यावर खायचं काय?"

दोन तिकिटांपैकी एक परत केलं. हुसेनभाई अधू डोळ्यांनी एकटेच गेले. आपांनी त्यांच्या हातात बाळंतविड्याचं गाठोडं दिलं, डिंक, खारका, स्वतः शिवलेली झबली. त्या सगळा दिवस दवाखान्याच्या माणसाबरोबर एकेक निळा पट्टा तपासत बसायच्या. हा का लावला, कुणी मागितला, कुणाला कळवलं. प्रत्येकाचं उत्तर त्यांच्याकडे होतं आणि समोरच्या विभागात फोन करून विचारलं, की तिथलाही माणूस म्हणायचा, हो, आपांनी सांगितलं होतं. खोटा पट्टा सगळ्यांत एकच निघाला. अशाच एका सकाळी, अशाच एका पट्ट्याच्या मध्यावर हुसेनभाईंचा फोन आला. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. नातीच्या कानात अजान हुसेनभाईंनी दिली. सनाजवळ रात्रंदिवस कोण बसलं, तर शेजारची एक बाई. आपांनी "शुक्र हाय" म्हटलं, फोन ठेवला आणि दवाखान्याच्या माणसाला म्हणाल्या, "हां, कुटं होतो आपण?" त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्यानंतर सनाचे रोजचे फोन थांबले. भांडण झालं नाही, काही नाही. फोन यायचा तो हुसेनभाईंच्या फोनवर. तपासणी संपली, आपांचा दवाखान्यात सत्कार झाला, शाल मिळाली. रजा मिळाली तीही, चार दिवसांची, पण तोवर सना हिंडूफिरू लागली होती आणि "आता कशाला त्रास घेतेस" म्हणाली. आपा गेल्या नाहीत. ती शाल ऑफिसातच खुर्चीच्या पाठीवर पडून असे, गारठा वाढला की पांघरायला.

सना आली ती ईदेला, बाळ बसायला लागल्यावर. आपांनी मला घरी बोलावलं होतं. मी पोचले तेव्हा त्या स्वयंपाकघरात शीरखुर्म्याच्या वाट्या भरत होत्या. सना बाहेरच्या खोलीत मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी आजीच्या तोंडवळ्याची, पण आजीकडे जात नव्हती. आपांनी हात पुढे केले की ती आईच्या कुशीत तोंड लपवायची. "नक्को, राहू दे, सवय न्हाय तिला माझी," असं म्हणून आपा आत गेल्या होत्या.

सना माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "दीदी, एक खरं सांग. अम्मीनं ते फोन केले नसते, तर ती आली असती ना?"

खोटं सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण आपांच्या घरात बसून ते जमेना. "आली असती," मी म्हटलं.

"मग कशाला केले? लोकांना खरं कळलं नसतं तर काय झालं असतं? मला खोटं बोलून आलेली अम्मी पण चालली असती. मी तिथं छताकडं बघत पडले होते दीदी. मला कुणीपण चाललं असतं."

दवाखान्याचं, विश्वासाचं, शालीचं काय सांगणार होते मी तिला? मान वर केली तर आपा वाट्यांचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या, कोण जाणे. त्यांनी ताट खाली ठेवलं, सनासमोर जमिनीवर बसल्या आणि तिच्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"मलाबी चाललं असतं की गं. जेवायच्या सुट्टीत मुद्दाम लावला होता मी फोन. त्या टायमाला लॅबमधी कोण नसतंय. म्हटलं, घंटी वाजू दे, कोण उचलायचं न्हाय. आपण फोन केला होता असं मनाला सांगायचं आन् गाडीत बसायचं. दुसरा फोन मी लावलाच नसता."

"मग?" सना म्हणाली.

"म्हमाणे अण्णा जेवायला गेलेच नव्हते. आदल्या दिवशीचे हातानं लिहिलेले रिपोर्ट कॉम्प्युटरमधी चढवत बसले होते. पहिल्याच घंटीला उचलला."